स्वतःचा शब्द : महायुद्धोत्तर अमेरिकेंतील बंडखोर लेखक

सॅन फ्रान्सिस्को शहरांतील फिलमोर रस्त्यावर एके काळीं मोटारी दुरुस्त करण्याचें एक दुकान होतें. पुढें कांहीं तरुण कलावंतांनीं आपलीं चित्रें मांडण्यासाठीं ती जागा घेतली आणि तिला 'सिक्स गॅलरी' असें नांव दिलें. १९५५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ७ तारखेस रात्रीं या जागेंत पांच कवींचें काव्यवाचन झालें. श्रोते शंभर-दीडशेंच्या आसपास असतील. जॅक केरुआक नांवाचा, तोंवर एकच कादंबरी छापून झालेला लेखक श्रोत्यांकडून सुटीं नाणीं गोळा करून दारूच्या बाटल्या आणीत होता आणि कविता चालू असतांच मोठमोठ्यानें दाद देत होता. शेवटून दुसरा वाचावयास उभा राहिला तो एकोणतीस वर्षांचा ॲलन गिन्सबर्ग. त्याच्या कवितेचें नांव 'हाउल', म्हणजे आक्रोश. तिच्या ओळी अतिशय लांब. एका श्वासांत जेवढें म्हणतां येईल तेवढी एक ओळ, असा त्यांचा हिशेब. आरंभीं कवीचा आवाज बेताचाच होता. पुढें पुढें तो चढत गेला आणि शेवटीं कवीच्या व श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्या रात्रीं कविता वाचलेल्या मायकेल मॅक्लूर यानें मागाहून अशा अर्थाचें लिहून ठेवलें आहे कीं, त्यानंतर आधींच्या मूकपणाकडे परत जाणें कोणासच नको होतें.

या प्रसंगाची हकीकत अमेरिकन वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांत येते, आणि ती येतां येतां बरीच रंगतहि गेली आहे. दारू, शिवराळ शब्द, वाढलेले केस यांचेंच वर्णन अधिक होतें. परंतु त्या तरुणांच्या डोक्यांत खरा प्रश्न निराळाच होता. माणूस लिहावयास बसतो तेव्हां कागदावर उतरणारा शब्द त्याचा स्वतःचा असतो काय? शाळेनें शिकविलेला, संपादकानें तासलेला, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भयानें गिळलेला शब्द बाजूस सारला, तर त्याच्या खालीं आपला असा एखादा शब्द सांपडेल काय? गिन्सबर्ग आणि केरुआक यांचें उत्तर होतें कीं, सांपडेल. फक्त मधले अडसर काढले पाहिजेत. त्यांच्याच मंडळींतील तिसऱ्या एका लेखकानें थोड्याच वर्षांत याच्या उलट उत्तर दिलें. ज्याला आज उत्तर-आधुनिक वाङ्मय म्हणतात, तें पुष्कळ अंशीं त्या दुसऱ्या उत्तराच्या वाटेनें गेलेलें आहे.

हा आक्रोश कोणत्या शांततेवर आदळला हें आधीं पाहिलें पाहिजे. १९४५ सालीं अमेरिका महायुद्धांतून बाहेर पडली ती जगांतील सर्वांत संपन्न राष्ट्र म्हणून. परतलेल्या सैनिकांना शिक्षण मिळावें, घरांसाठीं कर्ज मिळावें म्हणून १९४४ सालींच कायदा झालेला होता. विद्यापीठें भरून गेलीं. शहरांच्या कडेला एकासारखीं एक घरें उभीं राहिलीं. या सुखाला भयाची किनार होती. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात. कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९४९ सालीं आपल्या अध्यापकांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली, आणि १९५० च्या फेब्रुवारीपासून सिनेटर मॅकार्थी यांच्या आरोपांची झोड सुरू झाली. आपण इतरांसारखेच आहोंत हें ज्याला त्याला सतत सिद्ध करीत राहावें लागे.

विद्यापीठांतील वाङ्मयाचे वर्गहि एका शिस्तींत चालले होते. जॉन क्रो रॅन्सम, क्लिअंथ ब्रुक्स प्रभृति टीकाकारांच्या 'नव्या समीक्षे'चा दंडक असा कीं, कविता ही एक स्वयंपूर्ण, घोटीव वस्तु आहे. तिच्यांतील शब्दांचे परस्परांशीं असलेले ताण तपासावे. कवीचें चरित्र, त्याचें दुखणें, त्याचें कर्ज यांची तेथें चौकशी करूं नये. या शिस्तीनें हजारों विद्यार्थ्यांना बारकाईनें वाचावयास शिकविलें, हें तिचें ऋण लहान नाहीं. परंतु ज्याला आपल्या आईविषयींच लिहावयाचें होतें, त्यानें कोठें जावें?

गिन्सबर्गचा जन्म १९२६ सालचा. वडील लुई हे न्यू जर्सी प्रांतांतील पॅटर्सन या गांवीं शाळामास्तर होते आणि जुन्या वळणाच्या कविता करीत. आई नेओमी लहानपणीं रशियांतून आलेली, कट्टर कम्युनिस्ट. तिला वेडाचे झटके येत. आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे, आपल्या अंगांत तारा घातल्या आहेत, असे भास होत. शाळकरी वयांत तिची राखण करण्याचें, तिला रुग्णालयांत पोहोंचविण्याचें काम अनेकदां या मुलाच्या वांट्यास आलें. १९४७ सालीं डॉक्टरांनीं तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यास संमति मागितली. आईबाप विभक्त झालेले असल्यामुळें संमतिपत्रावर सही करावयाची ती मुलानें. आणि एकवीस वर्षांच्या ॲलननें ती केली. दोन वर्षांनीं चोरीच्या मालाच्या एका प्रकरणांत मित्रांबरोबर अडकल्यावर तुरुंग टळावा म्हणून तो स्वतःच न्यू यॉर्कच्या एका मनोरुग्णालयांत गेला व तेथें सुमारें आठ महिने राहिला. तेथें भेटलेल्या कार्ल सॉलोमन या रुग्णास 'हाउल' ही कविता अर्पण केलेली आहे. ती वाचतांना हें सारें ठाऊक असलें म्हणजे तिच्यांतील मोठा आवाज हा नाटकी वाटत नाहीं. शहाणें कोण व वेडें कोण हें ठरविणाऱ्या कागदावर ज्याची सही आहे, अशा माणसाचा तो आवाज आहे.

नेओमी १९५६ च्या जूनमध्यें रुग्णालयांतच वारली. यहुदी लोकांत मृताकरितां 'कॅडिश' नांवाची प्रार्थना म्हणतात, आणि तिला प्रौढ असे दहा पुरुष हजर असावे लागतात. तिच्या दफनाच्या वेळीं तेवढे जमले नाहींत, म्हणून ती प्रार्थना राहून गेली. मुलगा तेव्हां हजारों मैल दूर, सॅन फ्रान्सिस्कोकडे होता. आईनें मृत्यूपूर्वीं धाडलेलें पत्र त्याच्या हातीं पडलें तें मृत्यूची वार्ता आल्यानंतर. १९६१ सालीं त्यानें 'कॅडिश' याच नांवाची दीर्घ कविता प्रसिद्ध केली. गाजली ती 'हाउल'. परंतु कवीची थोरवी अजमावयाची असेल त्यानें 'कॅडिश' वाचावी. पहिलींत कवि एका पिढीच्या वतीनें बोलतो. दुसरींत त्याच्या पाठीशीं पिढी नाहीं, फक्त एक आई आहे.

गिन्सबर्ग न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां १९४४ च्या सुमारास त्याची केरुआकशीं गांठ पडली. केरुआक हा मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरण्यांच्या गांवचा. घरचीं माणसें कॅनडांतून आलेलीं फ्रेंच, घरांत बोली फ्रेंच, आणि इंग्रजी तो शिकला ती शाळेंत गेल्यावर. कोलंबियांत आला तो फुटबॉलच्या जोरावर. ज्याच्या गद्यास अस्सल अमेरिकन बोलीचा नमुना म्हणून पुढें वाखाणण्यांत आलें, त्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

केरुआकच्या प्रसिद्ध कादंबरीची जन्मकथा आतां दंतकथाच झाली आहे. १९५१ च्या एप्रिल महिन्यांत न्यू यॉर्कमध्यें तो टंकलेखन यंत्रापुढें बसला. कागद बदलण्यांत विचारांचा धागा तुटूं नये म्हणून त्यानें पातळ कागदाचे लांब ताव एकमेकांस चिकटवून त्यांची गुंडाळी केली होती. तीन आठवड्यांत सुमारें १२० फूट लांबीचा, परिच्छेद न पाडलेला मजकूर तयार झाला. हीच 'ऑन द रोड', वाटेवरची कादंबरी. चार्ली पार्करसारखे जॅझ वाजविणारे कलावंत एका फुंकेंत जशी सुरावट उलगडतात, तसें वाक्य श्वासाबरोबर यावें, आलेलें खोडूं नये, असें तत्त्वहि त्यानें पुढें मांडलें. ट्रुमन कपोटी या कादंबरीकारानें दूरचित्रवाणीवर टोमणा मारला तो असा कीं, याला लेखन म्हणत नाहींत, नुसतें टंकलेखन म्हणतात.

टोमणा मजेदार, पण अन्यायाचा. कारण तीन आठवड्यांपूर्वीं तीन वर्षें होतीं. १९४८ पासून केरुआक या कादंबरीसाठीं वह्यांमागून वह्या भरीत होता, आरंभ करून टाकून देत होता. मैफलींत गवई एखादी तान क्षणांत घेतो, तेव्हां ऐकणाऱ्यास त्या क्षणाचें आश्चर्य वाटतें. मागचा रियाज त्याला दिसत नाहीं. आणि तीन आठवड्यांनंतर पुन्हा सहा वर्षें होतीं. प्रकाशकांनीं हस्तलिखित परत केलें. तें पुन्हा पुन्हा नव्यानें उतरलें गेलें. अब्रूनुकसानीच्या खटल्याच्या भीतीनें खऱ्या माणसांचीं नांवें बदललीं. वायकिंग या प्रकाशनसंस्थेंत विरामचिन्हांची घडी घातली गेली. १९५७ च्या सप्टेंबरच्या ५ तारखेस तें पुस्तक बाहेर आलें, तेव्हां त्यावर अनेक हातांचे ठसे होते. 'हाउल'चीहि हीच गोष्ट. १९८६ सालीं तिच्या कच्च्या मसुद्यांच्या प्रतिकृति प्रसिद्ध झाल्या, आणि खोडाखोड न करण्याचा उपदेश करणाऱ्या या मंडळींनीं किती खोडलें होतें, तें सर्वांस दिसलें. यांत लबाडी नाहीं. सहजता ही कमवावी लागते, एवढेंच त्यावरून दिसतें. मात्र भोळ्या अनुयायांनीं तत्त्व घेतलें आणि रियाज सोडला. त्यामुळें त्या काळच्या छोट्या मासिकांतून पुष्कळ रद्दी छापली गेली.

कादंबरी निघाली त्याच दिवसांत 'हाउल'वर खटला चालू होता. सॅन फ्रान्सिस्कोंत लॉरेन्स फर्लिंगेटी हा कवि 'सिटी लाइट्स' नांवाचें पुस्तकांचें दुकान चालवी. त्यानें १९५६ सालीं ती कविता खिशांत मावेल अशा आकाराच्या मालेंत, ७५ सेंट किंमतीस काढली. छपाई इंग्लंडांत झाली होती, म्हणून १९५७ च्या मार्चमध्यें जकात अधिकाऱ्यांनीं ५२० प्रती जप्त केल्या. सरकारी वकिलानें खटला भरण्याचें नाकारल्यामुळें त्या सोडाव्या लागल्या. मग शहराच्या पोलिसांनीं साध्या वेषांत दुकानांत जाऊन एक प्रत विकत घेतली, आणि विकणारा नोकर व मालक दोघांवरहि अश्लील वाङ्मय विकल्याचा आरोप ठेवला. कवि स्वतः त्या वेळीं समुद्रापलीकडे होता.

न्यायाधीश क्लेटन हॉर्न रविवारच्या शाळेंत बायबल शिकवीत असत. दुकानांत उचलेगिरी करणाऱ्या कांहीं बायकांना त्यांनीं बायबलवरील एक बोलपट पाहून त्यावर निबंध लिहिण्याची शिक्षा फर्मावलेली होती; तेव्हां बचावपक्षास फारशी आशा नसावी. परंतु त्यांनीं पुस्तक वाचलें, कायदा वाचला. बचावासाठीं नऊ वाङ्मयज्ञांच्या साक्षी झाल्या. त्यांत प्राध्यापक मार्क शोरर होते. तंत्र हेंच लेखकाचें शोधाचें साधन, असें प्रतिपादणारा त्यांचा १९४८ सालचा निबंध नव्या समीक्षेंत मानाचा समजला जाई. म्हणजे ज्या पंथाविरुद्ध ही कविता उठली होती, त्याच पंथाचा एक धुरीण तिच्या बचावास उभा होता. सरकारी वकिलानें विचारलें कीं, या ओळींचा सरळ अर्थ काय? प्राध्यापकांनीं उत्तर दिलें तें असें कीं, कवितेचा गद्यांत तर्जुमा होत नाहीं, म्हणूनच ती कविता. ऑक्टोबरच्या ३ तारखेस निकाल लागला. ज्या ग्रंथांत समाजाच्या दृष्टीनें थोडेंहि महत्त्व आहे तो अश्लील ठरत नाहीं, आणि लेखकाला ठराविक सोंवळे शब्द वापरण्याची सक्ति केली तर मुद्रणस्वातंत्र्याला अर्थ उरत नाहीं, असें न्यायाधीशांनीं म्हटलें. अमेरिकेंत तोंवर न छापलेलीं पुस्तकें पुढील दहा वर्षांत छापलीं गेलीं, त्यांना या निकालानें मोठा धीर दिला.

पोलिसांना जें साधलें नाहीं तें बाजारानें साधलें. 'बीट' हा शब्द केरुआकनें उचलला तो टाइम्स स्क्वेअरभोंवतालच्या भटक्या लोकांच्या तोंडून. त्याचा तेथला अर्थ थकलेला, चेंचलेला असा होता. केरुआकसारख्या भाविक कॅथलिकाला त्यांत धन्यतेचा अर्थहि ऐकूं येई. १९५८ च्या एप्रिलमध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रांतील हर्ब केन या सदरलेखकानें त्याला स्पुटनिकची शेपटी जोडून 'बीटनिक' असें रूप दिलें, आणि तेंच लोकांच्या तोंडीं बसलें. काळी टोपी, दाढी, हातांत ढोलकें अशी त्याची बाहुली तयार झाली. १९५९ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या एका साप्ताहिकांत मेजवानीसाठीं अस्सल बीटनिक भाड्यानें मिळतील अशी जाहिरातहि आली. ती एका छायाचित्रकारानें अर्धी थट्टा म्हणून दिलेली होती. परंतु खरोखरच मागण्या येऊं लागल्या! ज्यानें अंतःकरणांतला शब्द म्हणून आक्रोश केला, तोच आतां दिवाणखान्यांत कपड्यासकट भाड्यानें मिळूं लागला. मग स्वतःचा म्हणावा असा शब्द राहिला कोठें?

हा प्रश्न ज्याला आधींच सुचलेला होता, तो त्या मंडळींतील वयानें वडील, विल्यम बरोज. बेरीज करणाऱ्या यंत्राचा शोध लावणाऱ्या गृहस्थांचा हा नातू, जन्म १९१४, सेंट लुईचा, हार्वर्डचा पदवीधर, आणि वर्षानुवर्षें अफूच्या अर्काच्या व्यसनांत बुडालेला. १९५१ च्या सप्टेंबरमध्यें मेक्सिको शहरीं दारूच्या नशेंत नेमबाजीचा खेळ करतांना त्याच्या हातून त्याची सहचारिणी जोन हिचा गोळी लागून मृत्यु झाला. आपण लेखक झालों ते त्या मृत्यूमुळें, अशा अर्थाचें त्यानें पुढें लिहिलें, आणि त्याचे चाहते तें वाक्य मोठ्या गंभीरपणें सांगत असतात. एक बुद्धिमान स्त्री अठ्ठाविसाव्या वर्षीं मारली गेली, ही गोष्ट त्या गांभीर्याखालीं झांकली जाते.

व्यसनानें बरोजला एक गोष्ट शिकविली. 'मला हवें आहे' असें व्यसनी माणूस म्हणतो, तेव्हां तें म्हणणारा तो नसतो. त्याच्या अंगांत शिरलेला पदार्थ बोलत असतो. मग जाहिराती, वृत्तपत्रें, सरकार, शाळा यांनीं आपल्यांत भरून ठेवलेले शब्द आपल्याच तोंडानें बोलत नसतील कशावरून? टँजिअरमध्यें राहून त्यानें लिहिलेल्या तुटक पानांची जुळवाजुळव १९५७ सालीं केरुआक व गिन्सबर्ग यांनीं तेथें जाऊन केली, आणि 'नेकेड लंच' हें पुस्तक १९५९ सालीं पॅरिसमध्यें निघालें. त्याच वर्षीं पॅरिसमधील एका स्वस्त उतारगृहांत ब्रायन गायसिन हा चित्रकार चित्राखालचा पुठ्ठा कापीत असतां खालीं पसरलेलीं वर्तमानपत्रेंहि कापलीं गेलीं. तुकडे भलत्याच क्रमानें शेजारीं आल्यावर निघणारीं वाक्यें वाचून तो पोट धरून हंसला. बरोजला त्यांत हत्यार दिसलें. त्यानें आपले व परक्यांचे मजकूर कातरून, तुकडे अदलाबदल करून जोडावयास आरंभ केला, आणि १९६१ ते १९६४ या काळांत अशा पद्धतीनें तीन कादंबऱ्या रचल्या. झुरिकमध्यें दादा पंथाच्या कवींनीं हा खेळ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केलेला होता, हें खरें. परंतु बरोजचा हेतु गंमतीचा नव्हता. भाषेच्या ठराविक सांखळ्या तोडल्या तर त्यांच्या द्वारें आपल्यावर चालणारी हुकमत ढिली होईल, अशी त्याची धारणा होती. या कादंबऱ्या सबंध वाचून काढणें हें मात्र शिक्षेसारखें आहे. त्या चाळाव्या, आणि 'नेकेड लंच' वाचावें. त्या पुस्तकावरहि बॉस्टनमध्यें खटला झाला. १९६६ च्या जुलैमध्यें मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें तें अश्लील नाहीं असा निर्णय दिला.

केरुआकची गुंडाळी आणि बरोजची कातर यांमध्यें अंतर फक्त आठ वर्षांचें. पहिल्याचा विश्वास असा कीं, धागा तुटूं दिला नाहीं तर सत्य बाहेर येईल. दुसऱ्याचा असा कीं, धागा तोडल्यावांचून तें दिसणारच नाहीं. पुढच्या लेखकांनीं दोहोंपासून घेतलें. टॉमस पिंचन या कादंबरीकारानें १९८४ सालीं आपल्या जुन्या कथांना लिहिलेल्या प्रस्तावनेंत, विद्यार्थिदशेंत 'ऑन द रोड' वाचून आपल्याला केवढी मोकळीक वाटली तें सांगितलें आहे. परंतु त्याच्या कादंबऱ्यांतील प्रवासी कोठेंच पोहोंचत नाहींत. १९६६ सालच्या 'द क्राइंग ऑफ लॉट ४९' मध्यें एका बाईला सर्वत्र एका गुप्त टपालसंस्थेच्या खुणा दिसूं लागतात. ती संस्था खरी आहे, कीं कोणी तिची थट्टा मांडली आहे, कीं तिचेंच डोकें फिरलें आहे? एका लिलांवांत उलगडा व्हावयाचा असतो. लिलांव सुरू होण्याच्या क्षणीं कादंबरी संपते. ज्या भासांसाठीं नेओमीच्या मेंदूवर शस्त्र चाललें, त्याच जातीचे भास येथें सबंध देशाचे झाले आहेत, आणि वाचकालाहि त्यांतून सुटका नाहीं. पिंचन स्वतः छायाचित्र देत नाहीं कीं सभेस येत नाहीं. १९७४ सालीं राष्ट्रीय ग्रंथपारितोषिक स्वीकारण्यास त्याच्या वतीनें एक विदूषक आला व त्यानें निरर्थक भाषण ठोकलें. श्रोत्यांपैकीं अनेकांना तोच पिंचन वाटला!

जॉन बार्थ यानें १९६७ सालीं 'द लिटरेचर ऑफ एग्झॉशन' हा निबंध लिहिला. कादंबरी मेली असें तो म्हणतो, असा त्याचा विपर्यास झाला. त्याचें म्हणणें एवढेंच होतें कीं, गोष्ट सांगण्याच्या कांहीं रीति वापरून वापरून झिजल्या आहेत, आणि ती झीज लपविण्यापेक्षां तिच्यांतूनच नवी गोष्ट काढतां येईल. १९६८ सालच्या त्याच्या कथासंग्रहाच्या आरंभीं एक कागदाची पट्टी छापलेली आहे. ती कातरून, एक पीळ देऊन टोकें जोडलीं म्हणजे आरंभच पुन्हा पुन्हा येत राहणारी गोष्ट तयार होते. बरोजची कातर येथें वाचकाच्याच हातांत दिलेली आहे. मात्र ही वृत्ति अमेरिकेनेंच काढली असें कोणी समजूं नये. विद्यार्थी असतां विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पुस्तकें लावण्याचें काम करतांना बार्थच्या हातीं सोमदेवाचा 'कथासरित्सागर' आला होता, आणि गोष्टींत गोष्ट गुंफण्याच्या त्या जुन्या रीतीचें ऋण त्यानें जन्मभर सांगितलें.

या वाङ्मयावर नेहमींचा आक्षेप असा कीं, ही बुद्धीची कसरत आहे, जीव कोठें आहे? पुष्कळ पुस्तकांविषयीं तो खराच आहे. परंतु कर्ट व्हॉनेगट याची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही १९६९ सालची कादंबरी पाहावी. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेन शहरावर बाँबचा वर्षाव झाला तेव्हां तो जर्मनांचा कैदी म्हणून त्याच शहरांत होता. कसाईखान्याच्या तळघरांत राहून वांचला, आणि मग प्रेतें काढण्याच्या कामाला जुंपला गेला. वीस वर्षें त्याला हें लिहितां येईना. आरंभ, मध्य, शेवट अशा सरळ गोष्टींत तें बसलें असतें तर त्या कत्तलीला अर्थ आहे असें वाटलें असतें. म्हणून त्यानें काळाचे तुकडे केले, मधेंच परग्रहावरचे जीव आणले, आणि पहिल्याच प्रकरणांत आपल्या असमर्थतेची कबुली दिली. गोष्ट मोडणें हाच येथें खरें बोलण्याचा उपाय होता.

'उत्तर-आधुनिक' हें नांव मागाहून चिकटलें. कवि चार्ल्स ओल्सन १९५१ च्या सुमारास तो शब्द वापरीत होता. १९५९ सालीं आयर्व्हिंग हाउ यानें तो कादंबरीस लावला तो तक्रारीच्या सुरांत. लेस्ली फीडलर यानें १९६९ सालीं उच्च वाङ्मय व बाजारी वाङ्मय यांमधली सीमा ओलांडा असें आवाहन केलें, आणि त्यासाठीं विद्वानांचें त्रैमासिक न निवडतां 'प्लेबॉय' हें मासिक निवडलें! १९७१ नंतर इहाब हसन या मूळच्या इजिप्शियन प्राध्यापकानें, आणि १९७९ सालीं फ्रान्समध्यें ल्योतार यानें त्याला तत्त्वज्ञानाचा डौल दिला. तेथून पुढचा वाद विद्यापीठांचा झाला. वाचकानें त्यांत फार वेळ घालवावा असें नाहीं.

पण एक हिशेब राहतो. स्वतःचा शब्द हवा म्हणणाऱ्या या पुरुषांच्या पुस्तकांत स्त्रिया बहुधा चहा करतात, भाडें भरतात आणि मागें राहतात. 'ऑन द रोड' निघाली त्या रात्रीं केरुआकबरोबर असलेल्या जॉयस जॉन्सन यांनीं १९८३ सालीं आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांचें नांवच 'मायनर कॅरेक्टर्स', म्हणजे दुय्यम पात्रें, असें आहे. नीग्रो संगीताच्या लयीवर हें गद्य उभें होतें. परंतु त्या समाजांतील कवि लरॉय जोन्स, जो या मंडळींचीं पुस्तकें व नियतकालिकें काढीत होता, तो १९६५ सालीं माल्कम एक्स यांच्या हत्येनंतर त्यांना सोडून हार्लेममध्यें गेला, आणि पुढें अमीरी बराका या नांवानें ओळखला जाऊं लागला. शब्द आपला असतो कीं परक्याचा, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें नुसता साहित्याचा नव्हता.

गिन्सबर्ग १९६२ च्या फेब्रुवारींत मोम्बासाहून आगबोटीनें मुंबईस उतरला. १९६३ च्या मे महिन्यापर्यंत तो हिंदुस्थानांत होता. काशी आणि कलकत्ता येथें त्याचा मुक्काम अधिक झाला, आणि त्या दिवसांची रोजनिशी १९७० सालीं छापली गेली. मुंबईंतील तरुण लेखकांशींहि त्याच्या गांठीभेटी झाल्या. यावरून मराठींतील बंडखोर लघुनियतकालिकें त्याच्या प्रभावानें निघालीं असें सांगण्याची एक पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण इतिहासास धरून नाहीं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींचें 'शब्द' हें चक्रमुद्रित नियतकालिक १९५५ च्या सुमाराचें, म्हणजे 'हाउल' पुस्तकरूपानें येण्यापूर्वींचें आहे. अशोक शहाणे यांचें 'असो' १९६३ सालचें. दोन्हीकडे स्वस्त छपाई होती आणि संपादकांच्या दाराशीं थांबावयाचें नाहीं हा निश्चय होता. साम्य एवढें निश्चित आहे.

केरुआक १९६९ च्या ऑक्टोबरच्या २१ तारखेस फ्लॉरिडांत वारला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, दारूनें. त्याचें नांव घेऊन रस्त्यावर आलेल्या पोरांविषयीं शेवटीं शेवटीं त्याला तिटकाराच वाटे. गिन्सबर्ग व बरोज दोघेहि १९९७ सालीं गेले. १२० फुटांची ती गुंडाळी २००१ सालीं न्यू यॉर्कमध्यें लिलांवास निघाली आणि २४ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. नंतर ती गांवोगांव प्रदर्शनांतून मांडली गेली. २००७ सालीं तिच्यावरील मूळ मजकूर, खऱ्या नांवांसह, ग्रंथरूपानें छापण्याचें ठरलें तेव्हां एक अडचण आली. गुंडाळीच्या टोकाशीं केरुआकच्या हातची एक नोंद आहे : शेवटचा भाग कुत्र्यानें खाल्ला. तेव्हां न खोडतां, न थांबतां लिहिलेल्या त्या मजकुराचा शेवट संपादकांना मागाहून सुधारलेल्या मसुद्यांवरून जुळवून घालावा लागला.